किचनच्या शटरचा आवाज : चाळीस रुपयांचं काम आणि कायमचा ग्राहक



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय बघून काही जणांना हसू आलं असेल. बिझनेसच्या चॅनलवर किचनच्या शटरचा आवाज कशाला? पण आपल्यात सुतारकाम करणारे आहेत, किचन ट्रॉली आणि मॉड्युलर किचन बनवणारे आहेत, हार्डवेअरचं दुकान चालवणारे आहेत. आणि बाकीच्या सगळ्यांच्या घरी किचन आहेच. व्हिडिओत मी स्क्रू कुठला, कसा फिरवायचा ते दाखवलंय. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण या विषयावर माझं एक ठाम मत आहे.

मत असं : नव्या किचनचं शटर बंद होताना धाडकन वाजत असेल, तर तो कामातला दोष धरायला हवा. आणि ग्राहकाने फोन करण्याची वाट न बघता तो दोष दूर करणं ही ज्याने किचन बनवलं त्याची जबाबदारी आहे. जो छोटा व्यावसायिक हे मनावर घेईल, त्याला शेजारी उघडलेल्या मोठ्या शोरूमला घाबरायचं कारण नाही.

ग्राहक तुमचं काम कानाने तपासतो

तुम्ही आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरलात की आयएस ३०३ चा, हे ग्राहकाला बिलावर वाचून कळतं. लॅमिनेटच्या खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. तुम्ही कडा किती मन लावून बंद केल्यात, तेही त्याला कळत नाही. पण शटरचा आवाज त्याला रोज ऐकू येतो. चहाची साखर, पोहे, डब्यासाठी कणीक, दुपारी ताट, संध्याकाळी पुन्हा चहा. तुमच्याच घरात एक दिवस मोजून बघा, शटर किती वेळा उघडतं आणि मिटतं ते. आकडा बघून तुम्ही चकित व्हाल.

आता एक वन बीएचके डोळ्यासमोर आणा. पहाटे साडेपाचला कुणीतरी डबा करायला उठलंय. बाहेरच्या खोलीत नाईट शिफ्ट करून आलेला माणूस झोपलाय, किंवा दहावीची मुलगी वाचत बसलीय. शटर धाडकन मिटतं आणि आतून आवाज येतो, "अगं, हळू!" ज्या बाईला हे ऐकावं लागतं, तिची काय चूक आहे? तिने फक्त डब्यांचं कपाट बंद केलंय. घरातली ही रोजची कुरबुर तुमच्या कामामुळे होते आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

पत्ता का नाही? कारण एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी सुताराला फोन करत नाही. लोक सवय करून घेतात. मात्र शेजारच्या ताई जेव्हा विचारतात, "किचन कुणाकडून केलंत?" तेव्हा उत्तर येतं, "काम बरं केलंय, पण..." मित्रांनो, हा "पण" फार महाग पडतो. तिथे तुमचं पुढचं काम जातं आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही.

शोरूमवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. कुठल्याही मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये जा. सेल्समन प्लायबद्दल नंतर बोलतो. आधी तो एक ड्रॉवर उघडतो, बोटाने हलकेच ढकलतो आणि गप्प उभा राहतो. ड्रॉवर आपोआप, आवाज न करता मिटतो. तो तिथे शांतता विकतोय. ऑस्ट्रियातल्या ब्लुम कंपनीची गोष्ट या संदर्भात बघण्यासारखी आहे. १९५२ साली ती सुरू झाली तेव्हा घोड्याच्या नालांना बसवायचे स्टड बनवायची. पुढे ती बिजागऱ्यांमध्ये आली, आणि २००१ साली तिने ब्लुमोशन या नावाने हळुवार बंद होणारी यंत्रणा बाजारात आणली. आज जगभरातल्या किचनमध्ये हा माल बसतो. ड्रॉवर आधीही बंद होत होताच. त्यांनी फक्त त्याचा आवाज काढून घेतला, आणि लोकांनी त्यासाठी आनंदाने पैसे मोजले.

आधी आवाज ओळखा

आता कामाचं बोलू. "शटर वाजतंय" ही एक तक्रार वाटते, पण तिच्यात चार वेगवेगळे आवाज असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. न ओळखता तेल सोडणं म्हणजे पोटदुखीवर डोकेदुखीची गोळी देणं.

पहिला, धाडकन आवाज. आपण ज्याला ऑटो हिंज म्हणतो, तिच्यात स्प्रिंग असते. शटर मिटत आलं की ती स्प्रिंग त्याला आत ओढून घेते. तिथे लाकूड लाकडावर आपटतं, आणि मागचा पोकळ बॉक्स ढोलकीसारखा घुमतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा असतात आणि त्यांवर ठोकलेल्या चौकटीला शटर लावलेलं असतं. तिथे तर दणका थेट दगडात जातो.

उपाय म्हणजे बंपर. पारदर्शक, गोल, मागे गोंद असलेली छोटी टिकली. साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि २-३ मिलिमीटर जाड. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, शटरच्या आतून, वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात एक-एक लावायची. आधी एक परीक्षा करा. त्या कोपऱ्यात कापडाची घडी धरून शटर सोडून द्या. आवाज बसला, तर तुमचं काम बंपरवर भागणार.

पण बंपर आठ दिवसांत गळून पडले, अशीही तक्रार येते. कारण फोडणी. किचनमध्ये लॅमिनेटवर तेलाचा एक पातळ थर असतोच, आणि त्यावर कुठलाच गोंद टिकत नाही. आधी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने ती जागा पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरडी करा. पूर्ण वाळल्यावर टिकली लावा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायचा जुगाड चालतो, पण काळं रबर फिक्या लॅमिनेटवर डाग सोडतं. ग्राहकाच्या घरी तरी तो करू नका.

बंपर लावल्यावर शटर त्या बाजूने किंचित बाहेर राहतं आणि तिरकं दिसतं. मग बिजागरीच्या बाजूनेही शटर तेवढंच पुढे आणायचं असतं. त्यासाठी बिजागरीतला मागचा स्क्रू आहे, तो पुढे सांगतो.

दुसरा, कुईकुई किंवा करकर. हा बिजागरीचा आवाज. तेलाचा धूर आणि पिठाची धूळ मिळून बिजागरीत एक चिकट लेप बसतो. आधी तो कोरड्या ब्रशने काढा, फडक्याने पुसा, आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सांध्यात सोडा. शटर दहा-बारा वेळा उघडझाप करा आणि जास्तीचं तेल पुसून टाका. खाण्याचं तेल कधीही नको. ते काही दिवसांत चिकट होतं, धूळ धरतं आणि आवाज पहिल्यापेक्षा वाईट होतो. खोबरेल तर थंडीत गोठतंच.

तिसरा, घासल्याचा आवाज. हा खास पावसाळ्यातला. हवेतल्या दमटपणाने लाकूड आणि बोर्ड फुगतो, किंवा वजनाने शटर थोडं खाली बसतं, आणि शेजारच्या शटरला किंवा चौकटीला घासतं. इथे बरेच मिस्त्री थेट रंधा काढतात. माझा याला विरोध आहे. पावसात रंधा मारलेलं शटर हिवाळ्यात सुकलं की फट पडते, आणि ती फट कायमची राहते. शिवाय रंधा मारून उघडी पडलेली कड पुढच्या पावसाळ्यात आणखी पाणी ओढते.

आधी स्क्रू फिरवून बघा. बहुतेक ऑटो हिंजमध्ये शटरच्या जवळचा स्क्रू शटर डावी-उजवीकडे सरकवतो. मागचा स्क्रू शटर पुढे-मागे घेतो. साध्या हिंजमध्ये तो सैल करून हाताने सरकवावं लागतं आणि मग घट्ट करावा लागतो. आणि बॉक्सला बसवलेल्या पट्टीचे स्क्रू सैल केले की शटर वर-खाली होतं. एका वेळी अर्धाच फेरा, मग बंद करून बघायचं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत तोल साधला की घासणं थांबतं. जुन्या पद्धतीच्या साध्या बिजागरीला ही सोय नसते. तिथे पावसाळा संपेपर्यंत थांबा, लाकूड सुकू द्या, आणि मगच रंध्याचा विचार करा. रंधा मारलाच तर ती कड त्याच दिवशी पॉलिश किंवा रंगाने बंद करा.

चौथा, खडखड. म्हणजे काहीतरी सैल आहे. हँडलचा स्क्रू, मॅग्नेट कॅचर, किंवा बिजागरीचाच स्क्रू. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रूचं भोक झिजतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. तिथे काडेपेटीच्या काड्यांची गुलं काढून, फेव्हिकोल लावून भोकात भरा, रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेला भाग कापा आणि स्क्रू हाताने घट्ट करा. ड्रिल मशीनने आवळलात तर पुन्हा भोक झिजलंच समजा. लांब स्क्रू मारायचा मोह होतो, पण १८ मिलिमीटरच्या शटरमधून त्याचं टोक बाहेर येईल, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत. आणि कधी कधी शटर अगदी ठीक असतं, आत ट्रॉलीतल्या ताटल्या एकमेकींवर आपटत असतात. तिथे खाली रबरी जाळीची मॅट टाका, झालं.

सॉफ्ट क्लोज हे सगळ्याचं उत्तर नाही

आता जरा कटू बोलतो. ग्राहकाने आवाजाची तक्रार केली की आपल्यातले अनेक जण एकच उत्तर देतात, "साहेब, सगळ्या हिंज सॉफ्ट क्लोज करून घ्या." हे आळशी उत्तर आहे. शटर घासत असेल, स्क्रू सैल असेल, तर सॉफ्ट क्लोज लावूनही ते घासणारच, वाजणारच. ग्राहक काही हजार रुपये खर्च करतो आणि महिन्याभराने त्याला कळतं की मूळ दुखणं तसंच आहे. तो तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

सॉफ्ट क्लोजला माझा विरोध नाही. उंच आणि जड शटर असेल, घरात लहान मुलांची बोटं मध्ये येण्याची भीती असेल, रोज शंभरदा ओढला जाणारा ड्रॉवर असेल, तिथे तो खर्च सार्थकी लागतो. जुन्या बिजागरीला बाहेरून लावायचे छोटे डॅम्परही मिळतात, आणि दोन-तीन त्रासदायक शटरांपुरते ते पुरतात. ड्रॉवरला मात्र बहुतेक वेळा चॅनेलच बदलावा लागतो, हे आधी सांगा. हलक्या, छोट्या शटरला दोन-दोन डॅम्पर लावले तर ते मिटायलाच तयार होत नाही, हेही सांगा. आणि डॅम्परमध्ये तेल कधी सोडू नका. तो बंद पिस्टन असतो. बिघडला की बदलायचा.

म्हणजे क्रम असा : आधी साफसफाई, मग स्क्रू, मग बंपर, आणि त्यानंतरही गरज उरली तर सॉफ्ट क्लोज. जो माणूस ग्राहकाला आधी चाळीस रुपयांचा उपाय सांगतो, त्याने पुढे चार हजारांचा सांगितला तरी ग्राहक विश्वास ठेवतो. उलट क्रमाने हे होत नाही.

व्यवसायाचं गणित

आता माझी सूचना. प्रत्येक किचनच्या कोटेशनमध्ये एक ओळ लिहा : "पहिल्या पावसाळ्यानंतर एक मोफत ॲडजस्टमेंट व्हिजिट." आणि तसं खरोखर जा.

खर्च किती? समजा किचनला १४ शटर आहेत. प्रत्येकी २ बंपर म्हणजे २८ टिकल्या. दुकानानुसार भाव बदलतो, पण साधारण तीस-चाळीस रुपयांत हे भागतं. दीड-दोन तासांची मजुरी आणि पेट्रोल धरून समजा ७०० रुपये. किचनचं काम दीड लाखाचं असेल, तर हा खर्च अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. आता आठवून बघा, शेवटच्या बिलाच्या वेळी "राउंड फिगर करा हो" म्हटल्यावर आपण किती सोडतो? दोन हजार, पाच हजार. ती सूट ग्राहक दुसऱ्या दिवशी विसरतो. पण काम संपून, पैसे मिळून सहा महिने झाल्यावर जो माणूस स्वतःहून स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभा राहतो, त्याला ग्राहक विसरत नाही. म्हणून ते ७०० रुपये सूट म्हणून देऊ नका, कोटेशनमध्येच धरा.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिघांतही तथ्य आहे.

"दसरा-दिवाळीच्या आधी आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो." बरोबर. मग दिवाळीनंतर जा. तेव्हा कामही थोडं सैल झालेलं असतं, आणि लाकूडही सुकलेलं असतं. ऐन पावसात केलेलं ॲडजस्टमेंट हिवाळ्यात पुन्हा बिघडतं. एका भागातली चार घरं एका दिवसात घ्या, पेट्रोलही वाचेल.

"फुकटची सवय लागते, मग दर महिन्याला फोन येतो." म्हणूनच 'एक व्हिजिट' असं लेखी लिहायचं. त्यानंतरच्या व्हिजिटचा ठरलेला दर त्याच कागदावर छापा. न सांगता फुकट केलं की गैरसमज होतात. आधी सांगून केलं की होत नाहीत.

"गेलं की लोक दहा कामं काढतात." अहो, काढू देत की! वहीत लिहून घ्या, जागेवरच दर सांगा. लॉफ्टला दार, देवघराचा कप्पा, पिठाच्या डब्याची ट्रॉली. ही कामं कुणाकडे तरी जाणारच होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. दहा-बारा वर्षं वापरलेलं किचन, झिजलेल्या बिजागऱ्या, सिंकखाली पाणी मुरून फुगलेला बोर्ड, ही सगळी तुमची जबाबदारी नाही. तिथे पैसे घ्या, आणि नीट घ्या. सिंकखालच्या शटरला स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या सुचवा, कारण साध्या बिजागरीला तिथे गंज धरतोच.

ज्यांचं फर्निचरचं काम नाही, त्यांच्यासाठीही यात धंदा आहे. हार्डवेअरवाल्यांनो, बंपरची एक शीट, शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली, चार जादा स्क्रू आणि एक स्टार स्क्रू ड्रायव्हर, असं पाकीट करून काउंटरवर ठेवा. आत मराठीत अर्ध्या पानाची माहिती टाका. गिऱ्हाईक आज "काहीतरी रबरासारखं द्या" म्हणतं आणि रिकाम्या हाताने जातं, कारण त्याला वस्तूचं नाव माहीत नसतं. आणि जे तरुण 'कमी भांडवलात काय करू' असं विचारतात त्यांना सांगतो : एक पिशवी हत्यारं, सोसायटीच्या नोटीस बोर्डवर एक कागद, आणि रविवारी एका इमारतीत शटर, हँडल, ड्रॉवर दुरुस्ती. मोठे मिस्त्री या कामाला येत नाहीत. म्हणूनच ते तुमच्यासाठी मोकळं आहे.

आपल्या गावातल्या सुताराकडे कारखान्यातली कटिंग मशीन नसेल, काचेचं शोरूम नसेल. पण तो ग्राहकाच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. दूरच्या शहरातल्या कंपनीला ही गोष्ट पैसे देऊनही विकत घेता येत नाही. आणि आपण तिचा उपयोगच करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या आठवड्याचं काम

किचन बनवणाऱ्यांनी आपल्या शेवटच्या पाच ग्राहकांना फोन करा. काही विकायचं नाही. एकच प्रश्न विचारायचा, "ताई, शटर वाजतात का?" आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यायचं.

घरच्यांनी येत्या रविवारी एकाच शटरपासून सुरुवात करा, जे सगळ्यात जास्त वाजतं ते. चार आवाजांपैकी कोणता, ते ओळखा. कापडाची घडी धरून बघा. साबणाने पुसा, अर्धा फेरा फिरवा, टिकली लावा.

काय फरक पडला ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पाच फोन केलेल्यांनी तर लिहाच, कारण त्यातून आलेल्या अडचणींवर मला पुढचा व्हिडिओ करायचाय.

भेटू पुढच्या आठवड्यात.